पुढची आवृत्ती येतीय की

मित्रांनो, मला तुम्ही हातात धरू शकत नाही. संगणकात राहणारा, लिहिण्याच्या कामाचा मी एक जुना प्रोग्रॅम आहे. आज माझी कहाणी ऐका. ती गोड लागेलच असं नाही.

सोलापूरच्या गुरुराजनं मला नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, मोठ्या हौसेनं घडवलं. एकाच पानावर मराठी आणि कन्नड सहज लिहिता यावं, एवढंच तेव्हा त्याच्या मनात होतं.

सोलापूरजवळच्या वळसंगच्या राजेश्वरीला मी पहिल्या दिवसापासून आवडलो. तिचं लग्नपत्रिका करून देण्याचं लहानसं दुकान आहे. तिच्या गिऱ्हाइकांच्या घरात मामा मराठी वाचतो, तर आजीला कन्नडच लागतं. राजेश्वरी माझ्यात भराभर लिहायची आणि येईल त्याला माझं कौतुक ऐकवायची. मी फुगून जायचो.

मग दुकानात नवा प्रिंटर आला आणि माझं दुखणं उघडं पडलं. छापताना कन्नड ओळी गायब होऊ लागल्या. राजेश्वरीनं गुरुराजला फोन केला.

"पुढची आवृत्ती येतीय की," तो म्हणाला.

दुखणं लहान होतं, पण त्याला लहान काम नको होतं. त्यानं मला मुळापासून नव्यानं लिहायला घेतलं. अर्धं झालं की ते मनास येईना, मग पुन्हा पहिल्यापासून. दर दिवाळीला माझ्या नव्या रूपाचं चित्र तेवढं यायचं. रंग सुरेख असायचे. मला त्या रंगांची चीड येऊ लागली.

इकडे राजेश्वरी कन्नड ओळी दुसरीकडून छापून आणायची, कात्रीनं कापून डिंकानं चिकटवायची आणि मग झेरॉक्स काढायची. ओळी तिरक्या बसत. गिऱ्हाइकं नाक मुरडून सोलापूरला जाऊ लागली. अशानं दुकानाला कुलूप लागेल, दुसरा प्रोग्रॅम घे, म्हणून तिचा नवरा भीमाशंकर रोज कटकट करायचा. आपल्या माणसानं केलंय, तो करील नीट, असं ती त्याला सांगायची. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा गुरुराज स्वतःच दुकानात आला. भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. मजकूर त्यानं घरूनच लिहून आणला होता. राजेश्वरीनं हौसेनं मला उघडलं आणि त्याची फाईल माझ्यात घेऊ लागली. ती उघडेना. ती दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये केलेली होती.

"अण्णा, तुमी सोता दुसऱ्यात लिवता व्हय?"

"तुमाला ठावं हाय की, ह्यात छापताना अडकतंय," तो खाली बघत म्हणाला. "मला लई घाई होती."

"आन् मला कदीच घाई न्हवती व्हय?"

मग तिनं तिथंच तो दुसरा प्रोग्रॅम बसवून घेतला. त्यात त्याची पत्रिका नीट, सरळ ओळींत छापून दिली. नंतर माझ्यातल्या साऱ्या पत्रिकाही तिनं त्यात उतरवून नेल्या. मला तिनं काढून टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू घडली आणि ती कुणाला आवडली, तर तिला नटवत बसू नका. तिचं दुखतं तेवढं आधी बरं करा. गुरुराज अजून मला नवा करतोच आहे. कालच त्यानं राजेश्वरीला नवं चित्र पाठवलं. तिनं ते उघडूनही पाहिलं नाही.