गोठणटेकडीची शामलामाता

चंद्रभान पेंटरनं गोठणटेकडीची शामलामाता सोड्याच्या पाण्यानं आणि काथ्याच्या कुंच्यानं घासून पुसून टाकली. पाऊण तास लागला. दुकानाचा बोर्ड पुसायलाही तेवढाच लागतो.

वाचकहो, हे तुम्ही वाचलंच नाही. अजून काही पुसलेलं नाही. अजून देवीही झालेली नाही. सन १९७० ची दिवाळीची सुट्टी आहे, सकाळचे सात वाजलेत, आणि नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, सहलीच्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या घरात होतं ते भांडण चालू आहे. काय न्यायचं आणि काय नाही.

जयवंताच्या पिशवीत पुऱ्या होत्या, आलूची भाजी होती, कोथिंबीर भरलेल्या सांभारवड्या होत्या आणि डझनभर संत्री होती. चंद्रभाननं वरून एक छोटा डबा ठेवला.

"हे काय व्हय जी?"

"पांढरा ऑइलपेंट. आन् ब्रश."

"सहलीले?"

"मंग! आपन येऊन गेलो हे लोकायले समजन कसं?"

जिल्ह्यातल्या चार किल्ल्यांना आणि एका धरणाच्या भिंतीला हे आधीच समजलं होतं. इतर लोक कोळशानं किंवा खिळ्यानं नावं लिहितात. चंद्रभान धंद्यानं पेंटर. तो आधी खडूनं रेघ मारायचा, मग अक्षर काढायचा, आणि वेळ असला तर सावलीही द्यायचा. खाली लिहायचा, 'बोर्ड सुबक रंगवून मिळतील'. जुन्या राजांनी एवढे दगड उगाच रचले नसणार, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

गोठणटेकडीवर एक हजारेक वर्षांचं पडकं देऊळ होतं. आत मूर्ती नव्हती. बाहेर राखणदार वामनराव होते. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, पगार सरकारी. चंद्रभाननं ब्रश काढताच त्यांनी शिट्टी वाजवली. एवढ्या जवळून शिट्टी वाजवल्यावर पुढं काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून ते बोलायला लागले.

"काहून लिहून राहिले गा, पेंटर?"

"आन् त्या कोपऱ्यातल्या दगडावर मासा कोरला हाय, तो कोनं कोरला?"

"तो त्या वक्ताच्या पाथरवटाची निशानी हाय."

"वा! त्यानं कोरलं तं इतिहास, आन् मी लिवलं तं गुन्हा?"

"त्यानं हा दगड टेकडीवर चढवला, बावा. तुम्ही काय चढवलं? जेवनाचा डबा."

जयवंता तोंडाला पदर लावून हसली. चंद्रभान चिडला. वामनराव मात्र हळू आवाजात म्हणाले, "माहं आयका. भिंतीवर लिवलेलं कोन वाचन आन् कसं वाचन, हे आपल्या हाती नाई राहत."

"मी बारा वर्सं बोर्ड लिवून राहिलो. मले शिकवता?"

चंद्रभाननं लिहिलं. मग त्याची सहा वर्षांची शामला हट्टाला पेटली, की मलाही ब्रश पाहिजे. नुकतीच पहिलीत गेलेली, पुढचे दोन दात पडलेले. बापानं तिच्या मुठीत ब्रश दिला. तिनं जीभ बाहेर काढून, तिच्या उंचीवर, आपलं नाव लिहिलं. 'शा' केवढा तरी मोठा झाला आणि 'ला' उतारावर घसरला.

"वा रे पेंटरची पोट्टी!" चंद्रभान ओरडला. वामनरावांनीही शिट्टी वाजवली नाही.

परतताना बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. जयवंता म्हणाली, पोरीचा एक फोटो काढू. चंद्रभान म्हणाला, दात तं येऊ दे.

पुढच्या श्रावणात शामलाचे डोळे पिवळे झाले.

शेजाऱ्यांनी कावीळ उतरवणारा सुचवला. त्यानं काशाच्या वाटीत चुन्याचं पाणी घेतलं, मंत्र म्हटला, शामलाचे हात त्यात धुतले. पाणी पिवळं झालं. सगळ्यांना बरं वाटलं, शामला सोडून. आठ दिवसांत तीन वेळा पाणी पिवळं झालं. नवव्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा ती हाक ओळखत नव्हती. डॉक्टरांनी एकच विचारलं, इतके दिवस काय करत होता? चंद्रभानपाशी उत्तर होतं. ते वाटीत होतं, आणि वाटी घरी राहिली होती.

तेराव्यानंतर दोघांनी घरात शोधलं. फोटो नव्हता. पाटी होती, पण शामला शिस्तीची मुलगी. निजताना रोज पाटी पुसून ठेवायची. तिच्या हाताचं एक अक्षरही घरात सापडलं नाही.

त्या दिवाळीतही सहल गेली. दोघांचीच. जयवंतानं भिंतीवरच्या नावाला हळदकुंकू लावलं, समोर एक सांभारवडी ठेवली, आणि नावावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईनं विचारलं, तेव्हा जयवंतानं सगळं खरं खरं सांगितलं. बाई रडली. तिनं ते गावात सांगितलं. गावात गोष्ट पोचली तेव्हा मुलगी काविळीनं नेली होती; दोन गावं पुढं पोचली तेव्हा कावीळ मुलीनं नेली होती.

सन बहात्तरमध्ये तिथं शेंदूर आला. त्र्याहत्तरमध्ये झेंडा, नारळाच्या करवंट्यांचा ढीग, आणि उदबत्त्या विकणारा एक माणूस. खात्यानं वामनरावांना भिंती धुवायला कॉस्टिक सोडा पाठवला होता. त्यांनी झाडून सगळी नावं धुतली होती, एक सोडून. ते एक धुवायला त्यांचा हात उठला नव्हता. माणूस कनवाळू असला की सरकारी कामात देव निर्माण होतात.

आणि चंद्रभान? त्याला राग यायला हवा होता. पण भक्तांनी त्याला गराडा घातला, "पेंटरबावा, मातेचं नाव बरोबर लिहून द्या जी!" आपल्या पोरीचं नाव एवढी माणसं घेतात, हे ऐकून त्याला भरून आलं. त्यानं तिच्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या आगेमागे आपल्या सुबक अक्षरात 'श्री' आणि 'माता प्रसन्न' लिहिलं. सावली देऊन. नंतर कुणीतरी खाली डांबरानं भर घातली, 'काविळीवर सात दिवस बसावे'.

"शिट्टी वाजवून थकलो," वामनराव म्हणाले. "आता लोक शिट्टीलेबी आरती समजते."

सन चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत दोघं टेकडी चढून आले, तेव्हा नावाखाली एक बाई बसली होती. भीमाबाई तिचं नाव. मांडीवर चार वर्षांचा मुकुंद. त्याच्या कपाळाला शेंदूर होता, ओठ सुकले होते. जयवंता कौतुकानं वाकली आणि तशीच थांबली. त्याचे डोळे पिवळे होते.

"दवाखान्यात नेलं काय वं, बाई?" चंद्रभाननं विचारलं.

"नाई जी. पाचवा दिस हाय आमचा. सात दिस बसा लागते."

"कोनं सांगितलं?"

"कोनं म्हंजे? भिंतीवर लिवलं हाय ना!"

चंद्रभान खाली बसला. त्यानं हात जोडले. "बाई, ही देवी नाई. ही माही पोट्टी व्हय. हे तिनंच लिवलं. ते आगेमागेचे अक्षर मी लिवले. ती सोता काविळीनं मेली, बाई!"

भीमाबाईनं त्याच्याकडं समजुतीनं पाहिलं. "म्हनूनच तं! कावीळ काय असते हे तिले नाई तं कोनाले माहीत राहीन?"

चंद्रभाननं रामदासपेठेतल्या चांगल्या डॉक्टरचं नाव सांगितलं, बसचं भाडं पुढं केलं, शेवटी ओरडला. भीमाबाई हलेना. माता समोर असताना उठायचं कसं? उठलं तर नवस मोडतो. मुकुंद डोळे मिटून पडला होता.

"वामनराव," जयवंता म्हणाली, "तुमचा सोड्याचा डबा आना."

चंद्रभानला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. "नाई. जयवंता, आपल्यापाशी दुसरं काईच नाई वं तिचं. एक अक्षर नाई!"

"मले माहीत नाई काय?"

"मंग?"

"आपन वाटीतल्या पान्याकडं पाहत बसलो, शामलाचे बाबा. हे लेकरू आता त्याच वाटीत हाय. आन् वाटी तुम्ही रंगवली. पुसा!"

"तू पुस."

"तुम्ही लिवायले शिकवलं. तुम्हीच पुसा."

त्यानं आधी खालचं डांबर खरवडलं, मग आपली अक्षरं घासली. ती लवकर निघाली. सुबक अक्षर पातळ असतं. शामलानं मात्र रंग भरभरून लावला होता. 'ला' निघायला फार वेळ लागला. सोड्यानं बोटं सोलली. जयवंता शेवटपर्यंत बघत होती, पापणी न हलवता, जसं काही ती मुलीचा गृहपाठ तपासत होती. मग भिंतीवर नुसता ओला दगड राहिला.

"वाटोळं होईन तुमचं!" भीमाबाई किंचाळली. "निर्वंश होईन!"

"झाला वं, माय," जयवंता म्हणाली, आणि तिनं मुकुंदला तिच्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं. माता नव्हती, पोरगंही चाललं होतं, म्हणून भीमाबाई शिव्या देत मागं निघाली. चार वाजताची एस.टी. सुटतच होती. वामनरावांनी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली. ड्रायव्हर थांबला. चार वर्षांत त्यांच्या शिट्टीला कुणी थांबलं ते पहिल्यांदाच!

मुकुंद महिनाभर दवाखान्यात होता आणि मग बरा होऊन आपल्या गावी गेला. जयवंता रोज त्याला उसाचा रस घेऊन जायची. जाताना भीमाबाई तिच्या पाया पडली आणि म्हणाली, मातेनं तुम्हाले पाठवलं.

चंद्रभाननं मग दर रविवारी एस.टी.नं जाऊन चारही किल्ल्यांवरची आणि धरणावरची आपली नावं घासून काढली. लोक विचारायचे, काय लिहून राहिले? तो सांगायचा, चूक पुसून राहिलो.

बंधुभगिनींनो, सहलीला अवश्य जा. पोरांना जुने दगड दाखवा, जंगल दाखवा, समुद्र लांब असला तरी कधीतरी तोही दाखवा. पण भिंतीवर आपलं नाव ठेवून येऊ नका. ती भिंत ज्यांनी उभारली त्यांची आहे, आणि जे अजून जन्मायचे आहेत त्यांची आहे. आपण मध्येच डबा खाऊन जाणारी माणसं. आपण काय लिहिलं हे आपल्याला ठाऊक असतं. लोक काय वाचतील, हे नसतं. आणि लेकराचे डोळे पिवळे दिसले, तर वाटी नको, भिंत नको, आधी दवाखाना!

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पंचाहत्तरच्या दिवाळीत दोघं टेकडीवर गेले, तर धुतलेल्या दगडावर नवा शेंदूर होता, आणि रांग दुप्पट होती. नाव नाहीसं झालं म्हणजे माता अंतर्धान पावली, आणि अंतर्धान पावलेली माता जास्त जागृत असते, असं रांगेतल्या एकानं चंद्रभानला समजावून सांगितलं. घरी येऊन त्यानं कागद घेतला आणि आपल्या सर्वांत चांगल्या अक्षरात, सावली न देता, अर्ज लिहिला.

प्रति,
मा. अधीक्षक साहेब, प्राचीन वास्तू विभाग.

महोदय,
अर्जदार चंद्रभान पेंटर, राहणार जरीपटका, नागपूर, सविनय कळवितो की, मौजा गोठणटेकडी येथील भिंतीवर देवी नाही व कधीही नव्हती. तेथे अर्जदाराच्या मुलीने अर्जदाराच्या चुकीने नाव लिहिले होते. चूक मान्य आहे. नियमाप्रमाणे जो दंड असेल तो भरण्यास अर्जदार तयार आहे. तरी मेहेरबान साहेबांनी सदर शामलामाता हिस देवीपदावरून तात्काळ कमी करून, तिच्या मूळच्या मुलगी या पदावर, वय वर्षे सहा, आमच्या घरी पूर्ववत रुजू करावे, ही नम्र विनंती.