पिसांचा देव कोणी व्हावं

वऱ्हाडात तेव्हा पेपर उघडला की पहिल्याच पानावर वाईट बातमी असायची. कपाशीला भाव नव्हता, पावसाचा भरवसा नव्हता. अशा दिवसांत भगवंत सर अमरावतीहून शिक्षकांचं प्रशिक्षण उरकून आले, ते अ‍ॅझ्टेक लोकांना सोबत घेऊनच. कृतीतून जगाची संस्कृती शिकवायची होती आणि तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या शाळेच्या चिठ्ठीत मेक्सिकोचे हे जुने लोक निघाले होते. गावात पिकाची चिंता, आणि सर त्या लोकांचं गोल पंचांग पुठ्ठ्यातून कापत बसलेले. लोक हसले. लोकांना हसायला तेवढंच हवं होतं.

मुलं मात्र रमली. मातीचे मुखवटे झाले, कोंबड्यांची आणि मोरांची पिसं जमवून मुकुट झाले. मका, मिरची आणि टमाटे त्याच मुलखातून इकडे आले, असं सरांनी सांगितलं, तेव्हा विपुल म्हणाला की मग ते लोक आपले सोयरेच झाले. हा विपुल म्हणजे गावातल्या मोठ्या कास्तकाराचा, नत्थुजींचा नातू. सातवीतलं देखणं पोरगं.

मग स्नेहसंमेलनासाठी नाटक ठरलं. अ‍ॅझ्टेकांची कथा अशी : जगाचे चार सूर्य विझले आणि अंधार झाला. देव आगीभोवती जमले. कोणीतरी आगीत उडी घेतल्याशिवाय नवा सूर्य उगवणार नव्हता. पिसांनी आणि सोन्यानं नटलेला एक देव ऐटीत पुढे झाला, पण आगीजवळ जाऊन पुन्हा पुन्हा मागे सरला. तेव्हा अंगभर फोड असलेल्या एका गरीब देवानं डोळे मिटून उडी घेतली आणि तो सूर्य झाला. पिसांचा देव लाजला, त्याच्या मागून उडी घेऊन चंद्र झाला. त्याचं तेज फार होऊ नये म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. तोच चंद्रावरचा डाग. देवांची नावं मुलांच्या जिभेवर बसेनात, म्हणून एक झाला फोडवाला आणि दुसरा पिसावाला.

सरांनी भूमिका वाटल्या. पिसावाला विपुल, आणि फोडवाला आचल.

आचलच्या हातांवर आणि हनुवटीवर कोडाचे पांढरे डाग होते. तिची आई आशाबाई नत्थुजींकडे मजुरीला जायची. पहिल्या वेचणीला वावरात सीतादही करतात. कपाशीच्या झाडांची पूजा करतात, त्यांच्यावर दही शिंपडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग कापसाला हात लावतात. एका वर्षी दह्याची वाटी आचलच्या हाती होती. नेमका त्याच वर्षी कपाशीवर लाल्या पडला, पानं लाल होऊन गळाली. पोरीच्या हातचं दही बाधलं, असं नत्थुजी म्हणाले आणि तिला वावरबंदी झाली. त्या साली साऱ्या तालुक्यातच लाल्या होता. तिथं कोणाकोणाची पोर गेली होती, हे कोणी विचारलं नाही.

हे सगळं भगवंत सरांना ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांनी ही निवड केली होती. डागाळलेला देवच सूर्य होतो, हे गावानं पाहावं. पोरीचा मान वाढेल. माणूस भला होता. भल्या माणसाच्या चुका लवकर सापडत नाहीत.

आशाबाई शाळेत आल्या. पोरीवर लोक हसले तर दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, एवढंच त्यांनी सांगितलं. सरांनी सूर्याची थोरवी समजावून सांगितली. आईसोबत आलेली आचल तेव्हा बोलली.

"सर, फोडवाला तं मले समदे रोजच करतात. नाटकात तरी मले पिसावाला होऊ द्या."

मूळ कथेचा अर्थ बदलेल, असं काहीतरी सर पुटपुटले. टेबलाशी वह्या तपासत बसलेल्या मुख्याध्यापिका जहाँआरा मॅडमनी मान वर केली.

"भगवंत सर, विपुलला निवडताना तुम्ही त्याचा आवाज ऐकलात. बाकीच्यांचं पाठांतर पाहिलंत. या पोरीचं काय पाहिलंत? कातडी. गाव तिला डागामुळे बाहेर ठेवतं, तुम्ही डागामुळेच आत घेताय. तिच्यासाठी फरक काय पडला?"

"मी तर तिला सूर्य करत होतो, मॅडम."

"पण तिला काय व्हायचंय, हे विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं! सर खजील झाले. त्यांनी त्याच दुपारी भूमिका बदलल्या. पिसांचा मुकुट आचलला आणि फोड विपुलला. विपुलला आगीत उडी मारायला मिळणार, म्हणून तो खूश होता. नत्थुजी मात्र नाटकाच्या संध्याकाळी तरातरा पडद्यामागे आले. नातवाच्या अंगावर चुन्याचे आणि गेरूचे ठिपके पाहून त्यांचा पारा चढला.

"माया नातवाच्या अंगावर फोडं काहून? लोकं काय म्हणतीन?"

"नत्थुजी, हे फोड धुतले की जातील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तासाभरासाठीही तुम्हाला ते सहन होईनात. त्या पोरीचे डाग धुऊन जात नाहीत. कोड ना शिवून लागत, ना कपाशीला लागत. तरी तुम्ही तिला वावरात पाय ठेवू देत नाही. तिच्या मायनं कोणाकडे जाऊन विचारायचं, काहून म्हणून?"

नत्थुजी पुढच्या रांगेत जाऊन बसले. शेजारीच आशाबाई पदर मुठीत धरून बसल्या होत्या.

नाटक रंगलं. आचल अशा तोऱ्यात चालली की मागची बायामाणसंही टाळ्या पिटू लागली. विपुलनं लाल कागदांच्या आगीत उडी घेतली, त्याच्या मागून आचलनं घेतली. आता सशाची वेळ आली. कापसाचा ससा हातात घेतलेलं पोरगं आचलच्या तोंडाकडे पाहून थबकलं. आशाबाईंनी मान खाली घातली.

"फेक ना," आचल मोठ्यानं म्हणाली. "चंद्राले डाग असतेच. त्याले कोणी आभायातून हाकलते का?"

ससा तिच्या तोंडावर जाऊन बसला. लोक हसले, पण तिच्यावर नाही. आशाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. नत्थुजी तेवढे हसले नाहीत.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या वेचणीला विपुल आशाबाईंच्या दारात आला. आज्यानं आचलला सीतादहीला बोलावलं होतं. आचलनं आधी विचारलं, वाटी धरायला की झाडांवर दही शिंपडायला? विपुल पळत गेला आणि निरोप घेऊन पळत आला. नत्थुजींनी सांगितलं होतं, तिले जे पाहिजे ते करू दे. तिनं दही शिंपडलं.

त्या साली पीक बेताचंच आलं. लाल्याही थोडा पडला. या वेळी कोणी कोणाचं नाव घेतलं नाही.

बंधुभगिनींनो, माणसाला डागावरून दूर लोटणं हा अन्याय आहे, हे आपल्याला कळतं. पण डागावरून जवळ घेणं हाही त्याच अन्यायाचा मवाळ भाऊ आहे, हे लवकर कळत नाही. आपल्या शाळेत, घरात, वावरात कोणाला जागा द्याल, तेव्हा ती आपणच ठरवून मोकळे होऊ नका. आधी त्याला विचारा, तुला काय व्हायचंय? भगवंत सर आता भूमिका वाटण्याआधी साऱ्या वर्गाला हेच विचारतात. नाटक बसायला त्यामुळे उशीर होतो, पण ते बसतं.