कपॅसिटरवरचं कुंकू

धुडकूबाबा गेले तेव्हा मागे दोन मुलगे आणि एक व्हॉल्व्हचा रेडिओ राहिला. घरोघर केबल आली होती, तरी आई राहील तिथे रेडिओ राहील असं ठरलं. मंगलाबाई डिंडोलीला थोरल्या सुकदेवकडे राहिल्या.

सुकदेव कापडाच्या कारखान्यात लूमच्या मोटारी दुरुस्त करायचा. रेडिओची घरघर ऐकताच त्याने पिन काढून ठेवली. आतले कपॅसिटर, वीज साठवणारी नळकांडी, म्हातारे झाले होते. तसाच वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जळाला असता. पण ते बदलू द्यायला आई तयार होईना. बाबा दर दसऱ्याला मागची पाटी उघडून त्या नळकांड्यांना कुंकू लावत.

"त्यास्ना हातनं कुंकू शे. ते काढू नको," आई म्हणाली.

मग वर्षभर कामाची पाळी संपली की सुकदेव एकेक नळकांडं आतून पोखरायचा, त्यात नवा छोटा कपॅसिटर बसवून मेणाने तोंड बंद करायचा. निघालेली घाण आईच्या नजरेला नको म्हणून कारखान्याच्या कचऱ्यात टाकायचा. कुंकवाला त्याने नखही लागू दिलं नाही. खुळाच तो. धाकटा चेतन त्या वर्षात आईला कडोदऱ्याला आपल्या घरी बोलवत होता, आणि रेडिओ नीट झाला की येईन, असं ती त्याला सांगायची.

दसऱ्याला चेतन आला. रेडिओ खणखणीत वाजत होता, मंगलाबाई ऐकून रडल्या. पूजेसाठी चेतनने पाटी उघडली, आत पाहिलं आणि हसला.

"आई, देख. सगळं जुनंच शे. यानी हातबी नही लावा. रेडिओ बिघडेलच नव्हता. तुले आठे रोखाले वरीसभर खोटं बोलना."

आत नवं आहे, असं सुकदेव परोपरीने सांगत राहिला. वर बाबांचं कुंकू आणि आत नवं, आईला काय दूधखुळी समजतोस, असं चेतनने विचारलं. तेव्हा सुकदेवने ब्लेड उचललं. एक नळकांडं कापलं असतं तर चेतनचं तोंड बंद झालं असतं. मंगलाबाईंनी आडवा हात घातला.

"त्याले कापू नको." मग सुकदेवकडे न बघता म्हणाल्या, "काबर खोटं बोलना रे मन्हासंगे?"

त्याने ब्लेड ठेवून दिलं.

रेडिओ मांडीवर घेऊन आई चेतनबरोबर गेली. तिकडे तो एकदा तरी बिघडावा, असं सुकदेवला मनापासून वाटायचं. मग तिला आपली आठवण झाली असती. पण काम त्याच्या हातचं होतं. रेडिओ रोज वाजत राहिला, आणि सुकदेव रोज खोटा ठरत राहिला.