तीन चाकांचा ब्रेक

"दाब!" ट्रकखालून मिस्त्री ओरडला.

"दाबलाय," केबिनमधून त्याची मुलगी म्हणाली. "सकाळपासून दाबतेच आहे, बाबा. हा पाय आता माझा राहिलेला नाही."

मिस्त्रीने चाकापाशी निपल सैल केलं आणि त्याला जोडलेल्या नळीकडे डोळे लावले. तेल नाही, बुडबुडा नाही, काहीच नाही. ब्रेकमधली हवा काढण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचं, हवा निघून गेली की बंद करायचं. यात न कळण्यासारखं आहे काय? तीन चाकांनी शहाण्यासारखं तेल दिलं होतं. पुढचं उजवं मात्र मख्ख. त्याने सिलिंडर बदलला, होज पाइप बदलला, नवा पाइप फुंकून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी!

"गाडीच नतद्रष्ट आहे," तो पुटपुटला. "मालकासारखी."

लांब नाकाचा, मिस्त्रीहूनही वयाने मोठा असा तो ट्रक सव्वीस वर्षं एका पत्र्याखाली उभा होता. जुन्या गाड्या जमवणाऱ्या कुणा हौशी माणसाने तो आता विकत घेतला आणि ओढून इथे आणून टाकला. मिस्त्री नाहीच म्हणणार होता, पण फोनवर मुलीने आधीच हो म्हणून टाकलं होतं. ट्रकचा जुना मालक तोच त्याचा ड्रायव्हरही. एके काळी तो आणि मिस्त्री एका ताटात जेवणारे. मग मिस्त्रीने त्याला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली. मुलीला त्या माणसाचं दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. तिच्या जन्माच्या दिवशी आईला दवाखान्यात नेताना त्याने ट्रक इतका हळू हाकला, की मुलगी तेवढी वाचली, आई गेली. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो अर्धा तास मिस्त्रीने ड्रायव्हरला कधीच माफ केला नव्हता.

आणि नेमका तोच आता दारात उभा होता. केस पांढरे, पायात जुन्या चपला.

"गाडी उद्या जाणार म्हणे," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा बघून जावं."

"बघ की. डोळ्यांना कुणी कर लावलाय?" मिस्त्री खालूनच म्हणाला.

मिस्त्रीने मग चाकाचा नाद सोडला आणि चासीवर जिथे या चाकाची लोखंडी नळी मुख्य नळीतून फुटते तो नट खरवडला. गंजाखाली छिन्नीच्या दोन बारीक रेघा निघाल्या.

त्याचा हात थांबला. दोन रेघा ही त्याचीच खूण होती. काम कच्चं असलं, पुन्हा उघडायचं असलं, की तो नटावर दोन रेघा मारी. पण या नटावर कधी मारल्या? त्याला आठवेना. नट फिरवला तशी नळीच्या तोंडातून बेअरिंगची एक गोळी टपकन त्याच्या छातीवर पडली.

गळकं चाक तेवढं बंद करून गाडी कशीबशी चालवायची, तर असं बूच मारतात. तो गोळीकडे पाहत राहिला. त्या दिवशी सकाळी हीच गाडी गळक्या ब्रेकसाठी त्याच्याकडे आली होती. आतून बायकोने हाक मारली होती. दुसरी गाडी नव्हती. त्यापुढे त्याच्या डोक्यात नुसता गोंधळ होता: तिचा हात, उतार, आणि ट्रक पुढे सरकतच नव्हता.

तो बाहेर आला. तळहात पुढे केला.

"हे मी केलं?"

ड्रायव्हर गोळीकडे न बघताच म्हणाला, "दहा मिनिटांत केलंस. आणि बजावलंस, ब्रेक तीनच चाकांना आहे, उतारावर वीसच्या वर गेलास तर तिघंही मरू."

"मी बजावलं?"

"तूच. मग शेजारी बसून शिव्याही तूच दिल्यास."

"अरे, मग सांगितलं का नाहीस? सव्वीस वर्षं!"

"काय सांगायचं? तुझी बायको गेलेली, पदरात दोन दिवसांचं पोर. म्हटलं, मला शिव्या देतोय तोवर उभा तरी राहील. नंतर सांगायचं राहून गेलं. गाडी मात्र पुन्हा रस्त्यावर काढावीशी वाटली नाही."

मिस्त्रीला ड्रायव्हरचा राग येत होता, की हा माणूस इतका चांगला का वागला. स्वतःचा येत होता. आणि खरं म्हणजे यातलं कुणीच चुकलं नव्हतं, हे त्याला सर्वांत असह्य झालं. त्याने केबिनकडे पाहिलं. मुलीने सगळं ऐकलं होतं. तरी त्याला वाटलं, हे आपल्या तोंडून यायला हवं.

"पोरी, गाडी याने हळू नाही नेली गं. मी... माझ्यामुळे हळू गेली. मी तुला उलटं सांगत आलो."

तिने बाहीने डोळे पुसले, पाय पुन्हा पेडलवर ठेवला.

"काका, तुम्ही बसा ना, उभे का," ती म्हणाली. आणि मग, "बाबा, नळी जोडा. परत पहिल्यापासून करू. आधी कुठलं चाक?"

मिस्त्रीने नळी जोडली, नट आवळला. पाना हातात घेऊन तो उभा राहिला. पुढे गेला, मागे आला. चारही चाकं त्याला सारखीच दिसत होती.

"मागचं डावं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "लांबचं आधी."

मिस्त्रीने मान हलवली, आणि तो म्हणाला त्या चाकाखाली निमूटपणे शिरला.