तळाचा ओरखडा

या जगात निर्मळ अशी एकच वस्तू उरली आहे आणि ती म्हणजे कधीही न ओढलेला पाईप, असं नाकमुरडे यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी बायकोला पुन्हा एकदा ऐकवलं, स्वतःच्या हातांनी कोरलेला एक पाईप कपाटातून काढला, कौतुकाने नाकाशी नेला आणि त्यांना मळमळलं. आत राख होती.

नाकमुरडे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होते. पिठातल्या अळ्या, सॉसमधले केस, दुधात जे काही निघेल ते, असं सगळं भिंगाखाली बघायचं आणि त्याला नंबर द्यायचा, यात त्यांची उमर गेली. नाक मुरडायची सवय लागली, तसं मागून नाव पडलं. नव्या शिपायाला ते आडनावच वाटलं आणि त्याने ते दारावरच्या पाटीवर रंगवून आणलं. नाकमुरडे यांनी पाटी बदलली नाही. बदलायची तर तिला हात लावावा लागला असता, आणि तोवर तिच्यावर पाल बसून गेली होती.

सगळ्या अवयवांत माणसाचं तोंड त्यांना विशेष किळसवाणं वाटे. अशा गृहस्थाने तोंडात धरायची वस्तू घडवायचा छंद का लावून घ्यावा, हे कोडं बायकोने केव्हाच सोडून दिलं होतं. तंबाखूचा वास त्यांना सोसत नसे, लाकडाचा सोसे. एवढंच. रविवारी मागच्या बाल्कनीत बसायचं, झाडाच्या मुळाच्या गाठीला कानशीने आकार द्यायचा, मग पॉलिशपेपर. सगळ्यात अवघड काम भोकांचं. एक भोक वरून, तंबाखू भरायच्या वाटीचं. दुसरं आडवं, दांड्यातून. दोन्हींची गाठ आत, डोळ्यांआड पडायला हवी. नाकमुरडे दुसरं भोक वाटीच्या तळाच्या किंचित वर ठेवत, कारण ड्रिल तळाला टेकलं तर ओरखडा उठतो. तळ आरशासारखा हवा. तिथे कोणी वाकून बघणार नव्हतं, पण ओरखडा आहे हे त्यांना माहीत असलं असतं.

आणि आता येत्या रविवारी छंदमंडळाचं प्रदर्शन होतं. मागच्या खेपेला त्यांच्या टेबलापाशी एकच बाई थांबल्या होत्या. "किती सुंदर," त्या म्हणाल्या होत्या, "काय आहे हे?" त्यातलं कळणाऱ्या एखाद्या माणसाने एकदा, फक्त एकदा 'वा' म्हणावं, एवढ्यासाठी नाकमुरडे पुन्हा टेबल मांडणार होते. कार्डही लिहून ठेवलं होतं : 'एकदाही न ओढलेले.'

त्यांनी उरलेले आठही पाईप तपासले. नऊच्या नऊ वाट्या आतून काळ्या. एकातून तपकिरी थेंब ओघळून त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी जाऊन हात धुतले. मग पुन्हा धुतले.

घरात माणसं तीन. पैकी दोघं ओढत नव्हती. तिसरं शेजारच्या खोलीत खोकत होतं.

सासरे जहाजाच्या इंजिनखोलीतून निवृत्त झालेले. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यावर लेकीकडे राहायला आले होते. कवळी पेल्यात बुडवलेली असे, आणि त्या पेल्यावरून जाताना नाकमुरडे मान वळवत.

"मामा, माझे पाईप तुम्ही ओढलेत?"

"एकेकदाच," सासरे म्हणाले.

"नऊही?"

"मग काय, एकाला ओढायचं आणि बाकीच्यांना तसंच ठेवायचं? बरं दिसतं का ते?"

"पण तुमची थुंकी, मामा. आत तुमची थुंकी आहे."

"आहे ना. तीच तर भानगड आहे, जावईबापू." सासरे उठून बसले. गेले कित्येक महिने ते अशा विषयाची वाट बघत असावेत. "तुमचं भोक तळापासून वर. खाली जी जागा राहते तिथे सगळं पाणी साचतं. मग पाईप गुरगुरतो. जोर लावून ओढला की तो कडू रस घशात. गरम असतो बरं का."

नाकमुरडे यांनी भिंतीला टेकायचा विचार केला, पण भिंतीला तेलकट डोक्याचा डाग होता.

"दिसायला देखणे हो सगळे," सासरे म्हणाले. "नवरदेवासारखे. कामाचा एकच."

"कुठला?"

सासऱ्यांनी उशीखाली हात घातला. निघाला तो दहावा. एका बाजूला कललेला, तळाला ओरखडा उठलेला, म्हणून नाकमुरडे यांनी फेकून दिलेला. बायकोने तो केराच्या टोपलीतून उचलून स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फटीत बसवला होता. खिडकी अलीकडे पुन्हा का आपटायला लागली होती, याचा उलगडा झाला.

"हा रोज ओढतो. जन्मात इतका गोड पाईप ओढला नाही. शेवटच्या चिमटीपर्यंत कोरडा." सासऱ्यांनी दांडा बाहीला पुसून पुढे केला. "भोक बघा. बरोब्बर तळाला. ज्याने हे पाडलं ना, त्याच्या हाताला कळतं. वा."

पाईप कोमट होता. दांड्याचं टोक चावून चपटं झालेलं आणि ओलसर. तरी नाकमुरडे यांनी तो खाली ठेवला नाही. त्यांना तो रविवार आठवला. लाकूड ड्रिलच्या स्टँडवर आवळलेलं, भोक अर्ध्यावर आलेलं, मग ड्रिल पार कधी गेलं ते कळलंच नव्हतं. आत डोकावून 'घसरलं' म्हणत त्यांनीच तो फेकला होता. म्हणजे हाताला कळलं होतं, आपल्यालाच कळलं नाही.

बाहेर येऊन त्यांनी जुनं कार्ड फाडलं आणि नवं लिहायला घेतलं. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, रविवारी मी हा एकच मांडणार. ओढलेला."

"बाबांनी चावलेला?"

"असू दे. कसब कधीकधी माणसाला न विचारता हातात उतरतं. हे भोक बघ. मी पाडलं तेव्हा माझं लक्षसुद्धा नव्हतं."

बायकोने टॉवेलची घडी उलगडून पुन्हा घातली.

"कसं असेल? तुम्ही मध्येच हात धुवायला गेला होतात," ती म्हणाली. "मला बाल्कनीत कपडे वाळत घालायचे होते. तुम्ही लवकर येईनात, म्हणून मीच त्या ड्रिलचा दांडा दाबला."