उसने आजी-आजोबा

कागद एक सांगतोय आणि थुंकी भलतंच, तर विश्वास कुणावर ठेवाल, मंडळी? घाई नको, आधी ऐकून घ्या. मी लाळेच्या नमुन्याची नळी बोलतेय. बोटभर उंची, निळं टोपण.

कारखान्यात एका ठोक्याला आम्ही शंभर बहिणी जन्मलो. रंगरूप सारखंच. फरक पडतो तो पोटात कुणाचं काय येतं त्यावर. माझ्या पोटात उशा भरणाऱ्या मावशीची लाळ आली.

शाळेच्या हॉलमध्ये रांग लागली होती. या खोऱ्यातली माणसं मुळात कुठून आली, ते त्यांच्या पेशींतल्या खुणांवरून शोधायचं होतं. या खुणा आईबापांकडून मुलांत उतरतात; जवळच्यांत जास्त जुळतात, लांबच्यांत कमी. नियम एकच, चारही आजी-आजोबा खोऱ्यातले हवेत. निकालाचं पत्र मात्र प्रत्येकाला घरपोच.

मावशी तीन वर्षांची असताना होडीच्या धक्क्यावर सापडलेली. केसांत कापूस तसाच घेऊन ती दाराशी उभी होती. मी तिथेच ट्रेमध्ये होते.

"मला आई ठाऊक नाही, चार आजी-आजोबा कुठून आणू? चल, माघारी जाऊ."

"माझे घे की," सोबत आलेली शेजारीण म्हणाली. "चौघेही वर गेलेत. तक्रार करायला कोण येतंय?"

"अगं, पण खोटं..."

"खोटं कसलं? उसने घे. कुणाची आहेस ते मरायच्या आधी कळायला नको?"

मावशीने चार गावं पाढ्यासारखी म्हणून दाखवली. नमुने घेणाऱ्या ताईने ती सुबक अक्षरात लिहिली. मग मावशी माझ्यात थुंकली. आधी लाजत, मग अगदी रेघेपर्यंत.

पुढे वर्षभर मी बर्फाळ कपाटात होते. शेजारच्या डब्यात तुलनेसाठी आणलेल्या, समुद्रकाठच्या मिठागरवाल्यांच्या नळ्या. शेवटी माझ्यातल्या खुणा वाचल्या गेल्या. कॉम्प्युटरवरचे मोठे सर चष्मा वर सरकवून म्हणाले, "हे काय? बाई खोऱ्यातली आणि खुणा मिठागरातल्या? तिथल्या एकीशी तर सख्ख्या बहिणीसारख्या जुळतायत!"

"फॉर्म मीच भरलाय, सर," ताई म्हणाली. "चारही गावं घडाघडा सांगितली त्यांनी."

"मग झालं. फॉर्म स्वच्छ आहे, म्हणजे नळ्यांची अदलाबदल झालीय. ही हिशेबातून काढून टाका."

अहो, मी खरीच होते! मावशीची सख्खी बहीण माझ्यापासून हाताच्या अंतरावर होती, आणि तीच माझ्या खोटेपणाचा पुरावा ठरली. सरांनाही दोष कसा देऊ? हाती असलेल्या कागदावर त्यांनी प्रामाणिकपणे विश्वास ठेवला.

'नमुना खराब' असं पत्र घेऊन मावशी शेजारणीसह ताईकडे आली.

"खराब म्हणजे काय गं? माझ्या तोंडातच खोट?"

"नाही हो मावशी, चूक आमचीच. तुमच्या फॉर्मात काही कमी नव्हतं."

मावशीचे ओठ हलले. शेजारणीने तिच्या दंडाला चिमटा काढला आणि कानात कुजबुजली, "गप्प बस. खोटा फॉर्म भरला म्हणून त्या पोरीची नोकरी जाईल."

मावशीने पत्राची घडी केली. एक वाक्य बोलली असती तर बहीण मिळाली असती. जाताना एवढंच म्हणाली, "बघ, माझी थुंकीसुद्धा कुणाच्या खात्यात बसत नाही."

दोन हिवाळ्यांनी शेजारीण एकटीच आली. मावशी गेल्याचं सांगायला. तेव्हा ताईपाशी तिने सगळं ओकून टाकलं. ताई धावत कपाटाकडे आली, पण अभ्यास संपला होता. कुणाची ओळख फुटू नये म्हणून नियमाप्रमाणे नावांची यादी फाडलेली. मिठागरातल्या त्या बाईचा नळीवरचा नुसता आकडा उरला होता. तिला कोण सांगणार, की तुझी एक बहीण उशा भरत होती?

आता मी जाळायच्या पिवळ्या पिशवीत आहे. गाडी सकाळी येईल. जाता जाता हात जोडून एकच मागते. हिशेब कसलाही असो, प्रामाणिक ठेवा. एखाद्या रकान्याचं उत्तर ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असंच लिहा. आणि लिहून घेणारे असाल, तर तसं लिहिणाऱ्याला रांगेतून माघारी पाठवू नका.