एकाच पत्त्यावर दोन मशीन

धोंडाबाईंचं रक्त बारामतीच्या लॅबमध्ये पोचलं होतं, तपासूनही झालं होतं. रिपोर्टचा मात्र पत्ता नव्हता.

मेघना त्या लॅबचे संगणक सांभाळायची. लॅबच्या इंदापूरच्या दवाखान्यातल्या शाखेतून संघपालचा फोन आला तेव्हा ती डबा उघडत होती.

"ताई, तुमच्या वरकुटे गावच्या धोंडाबाई हितं दवाखान्यात हायत. किडनीचं दुखणं. पोटॅशियमचा रिपोर्ट अजून दिसंना. डॉक्टर सारखं इचारत्यात."

तिनं यादी उघडली. धोंडाबाईंचाच काय, गेल्या तासाभरातला एकही रिपोर्ट तिथं नव्हता. तपासणीच्या मशीनवर मात्र 'पाठवला' असं लिहून येत होतं. पाठवला, पण कुणाला?

तिनं चालू मशीनची यादी काढली आणि चूक दिसली. लॅबचे रिपोर्ट एका व्हर्च्युअल मशीनवर जमायचे. खऱ्या संगणकाच्या आत चालणारा तो दुसरा संगणकच. नवं सॉफ्टवेअर आधी करून बघावं म्हणून तिनं जेवायच्या आधी त्याची हुबेहूब नक्कल काढून चालू केली होती. अशी नक्कल नेटवर्कपासून तोडून ठेवायची असते. घाईत तिनं ती सेटिंग बदललीच नव्हती. आता नक्कल लॅबच्या नेटवर्कवर आली होती, मूळ मशीनचाच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळखक्रमांक, घेऊन. त्या पत्त्यावर पाठवलेले रिपोर्ट मूळ मशीनऐवजी नकलेकडं जात होते.

नक्कल बंद करायला तिनं माउस नेला आणि तिथंच थबकली. बंद होताना ती आतलं सगळं पुसणार होती. तशी व्यवस्था तिनंच करून ठेवली होती.

तिनं नकलेतली यादी उघडली. सगळे रिपोर्ट तिथंच होते. धोंडाबाईंच्या पोटॅशियमचा आकडा लाल होता. एवढं वाढलं की काळीज बंद पडू शकतं, हे लॅबमध्ये राहून तिला ठाऊक झालं होतं.

तिनं संघपालला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला.

"ताई, म्हातारीला आत नेलंय. पळापळ चाललीया."

"पोटॅशियम फार वाढलंय. आकडा सांगते, तसाच पळत जाऊन डॉक्टरांना सांग."

तो पळाला. फोन चालूच राहिला. चपलांचा आवाज, गाडा ढकलल्याची खडखड, बाईचं रडणं. धोंडाबाईंच्या सुनेचा, सारजाचा आवाज तिनं ओळखला. मेघनानं फोन कानाशी घट्ट दाबला.

बऱ्याच वेळानं फोनवर डॉक्टर बोलले. "ईसीजी बघून शंका आली म्हणून इंजेक्शन आधीच दिलं. ठोके सुधारतायत. पण ईसीजीत कळलं नसतं तर?"



सगळे रिपोर्ट मूळ मशीनवर आणून, नक्कल नेटवर्कपासून तोडून ती राजेश्वरी मॅडमच्या खोलीत गेली आणि घडलं ते सांगितलं. लॅब मॅडमची होती. त्या रागावल्या नाहीत. उशिरा गेलेल्या प्रत्येक रिपोर्टसाठी त्यांनी स्वतः फोन लावायला घेतला. ते बघताना मेघनाला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ती इंदापूरला गेली. धोंडाबाई झोपल्या होत्या. त्यांची छाती वरखाली होताना दिसेपर्यंत ती दारातच उभी राहिली. मग सारजाला बाहेर बोलावून तिनं चूक कुणाची ते सांगितलं.

सारजानं मागं वळून खोलीचं दार ओढून घेतलं.

"आत्याबाईंना सांगू नगंस," ती म्हणाली. "आन् आता घरला जा. मला तुझ्याशी बोलवना."